कुश आणि अक्सुम : दोन राज्यं, ‘इथिओपिया’ हे एकच नाव

हेरोडोटस या इ.स.पू. पाचव्या शतकातल्या ग्रीक इतिहासकाराच्या लिखाणात इथिओपियाची राजधानी म्हणून मेरोई या शहराचं वर्णन येतं. ते वाचून आजच्या इथिओपियाच्या नकाशात मेरोई शोधायला गेलात तर हाती काही लागणार नाही. मेरोई आहे सुदानमध्ये, खार्टूमपासून सुमारे २०० किलोमीटरवर, नाईलच्या काठी. आजच्या इथिओपियात जे प्राचीन साम्राज्य होऊन गेलं ते अक्सुम, आणि हेरोडोटसच्या काळात त्याचा पत्ताही नव्हता.

या गोंधळाचं मूळ एका ग्रीक शब्दात आहे. इजिप्तच्या दक्षिणेला राहणाऱ्या काळ्या वर्णाच्या लोकांना ग्रीक ‘ऐथिओप्स’, म्हणजे उन्हाने करपलेल्या चेहऱ्याचे, म्हणत. त्यांना ठाऊक असलेलं दक्षिणेचं मोठं राज्य होतं कुश, म्हणून इथिओपिया म्हणजे कुश. बायबलच्या जुन्या कराराचं ग्रीक भाषांतर झालं तेव्हाही हिब्रूतल्या ‘कुश’च्या जागी ‘इथिओपिया’ आलं. आपल्याकडे आणखी एक घोटाळा होतो, कुश म्हटलं की रामाचा मुलगा किंवा कुषाण राजे आठवतात. त्या दोघांशी या कुशचा काहीही संबंध नाही.

कुश हे नदीचं राज्य. त्याची सुरुवात इ.स.पू. २५०० च्या आसपास आजच्या उत्तर सुदानमधल्या केर्मा इथे झाली. इ.स.पू. १५०० च्या सुमारास इजिप्तने ते जिंकलं आणि पुढची चारएकशे वर्षं तिथलं सोनं उत्तरेला वाहत राहिलं. मग इजिप्तची पकड सुटली, नपाटा इथे नवं राजघराणं उभं राहिलं आणि पारडं फिरलं. इ.स.पू. ७२८ च्या सुमारास पिये हा कुशचा राजा सैन्य घेऊन नाईलच्या प्रवाहाबरोबर खाली उतरला आणि त्याने इजिप्त जिंकलं. त्याचा विजयस्तंभलेख उपलब्ध आहे. त्यातला एक प्रसंग मला फार आवडतो. वेढा घातलेलं शहर शरण आल्यावर पिये तिथल्या राजाचा महाल बघतो. राण्या समोर येतात, त्यांच्याकडे तो ढुंकूनही बघत नाही. मग तो तबेल्यात जातो, वेढ्यात उपाशी राहिलेले घोडे बघतो आणि भडकतो. तू केलेल्या सगळ्या अपराधांपेक्षा माझ्या जिवाला हे जास्त लागलं, असं त्या राजाला सुनावतो. एल-कुर्रू इथल्या कुशच्या राजघराण्याच्या दफनभूमीत घोड्यांचीही थडगी सापडली आहेत, त्यामुळे हे नुसतं दाखवण्यापुरतं बोलणं नव्हतं.

पियेच्या वारसांनी, त्यातही तहार्काने, इजिप्तवर राज्य केलं. इ.स.पू. ६७१ मध्ये असिरियाने, म्हणजे आजच्या इराकमधल्या साम्राज्याने, इजिप्तमधलं मेम्फिस शहर घेतलं आणि काही वर्षांतच कुशी राजांना मायदेशी परतावं लागलं. अनेक पुस्तकांत कुशचा इतिहास इथेच संपतो, आणि हा मला मोठा अन्याय वाटतो. कारण इजिप्त गेलं तरी कुश गेलं नाही, ते पुढे जवळजवळ हजार वर्षं टिकलं. राजधानी दक्षिणेला मेरोईला गेली. तिथे लोखंड गाळलं जाई, त्याच्या मळीचे ढिगारे आजही उभे आहेत. आजच्या सुदानमध्ये दोनशेहून अधिक पिरॅमिड आहेत, आकाराने इजिप्तच्यांपेक्षा लहान पण उताराला चांगलेच उभट. राण्याही राज्य करत. ‘कंडाके’ हे त्यांचं पद, नाव नव्हे. इ.स.पू. २५ च्या सुमारास कुशच्या सैन्याने रोमन इजिप्तच्या सीमेवर हल्ला केला आणि सम्राट ऑगस्टसचा ब्राँझचा पुतळा पळवला. तेव्हा गादीवर बहुधा अमानिरेनास ही कंडाके होती. पुतळ्याचं डोकं मेरोईतल्या एका देवळाच्या पायऱ्यांखाली पुरलं, म्हणजे येणारा-जाणारा प्रत्येक जण सम्राटाच्या डोक्यावर पाय देऊनच आत जाणार. १९१० मध्ये ते उत्खननात सापडलं, काच आणि दगडाचे डोळे शाबूत. रोमनांनी सूड म्हणून नपाटा लुटलं, पण शेवटी तहच करावा लागला.

अक्सुम आकाराला आलं ते इसवी सनाच्या पहिल्या शतकात, उत्तर इथिओपियातल्या तिग्रायच्या डोंगराळ पठारावर, दोन हजार मीटरहून जास्त उंचीवर. पण त्याचं सगळं लक्ष समुद्राकडे. आजच्या एरिट्रियातलं अडुलिस हे त्याचं बंदर, राजधानीपासून आठ दिवसांच्या वाटेवर. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातल्या ग्रीक ग्रंथात अडुलिसला येणाऱ्या मालाची यादी आहे. त्यात अरिआके या भागातलं लोखंड, पोलाद, सुती कापड आणि लाख येते. अरिआके म्हणजे गुजरात आणि उत्तर कोकणचा किनारा. तिथल्या राजाचं नाव पेरिप्लस जसं देतो, त्यावरून तो नाशिकच्या लेण्यांतल्या लेखांत येणारा क्षत्रप राजा नहपान असावा असं बहुतेक अभ्यासक मानतात. जहाजं परतताना हस्तिदंत नेत. इथिओपियातल्या देब्रे दामो या मठात कुषाणांची शंभराहून अधिक सोन्याची नाणी सापडली. म्हणजे कुषाणांचा धागा जुळतो तो नावाने जवळ असलेल्या कुशशी नाही, अक्सुमशी.

दोघांचा पिंड कळायला नाणी बघावीत. कुशने स्वतःची नाणी पाडली नाहीत. अक्सुमने तिसऱ्या शतकापासून सोनं, चांदी आणि तांब्याची नाणी पाडली. सोन्याच्या नाण्यावर मजकूर ग्रीकमध्ये, कारण ते परदेशी व्यापाऱ्यांच्या हाती जायचं. चौथ्या शतकात एझाना राजाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि नाण्यावरच्या चंद्रकोरीच्या जागी क्रूस आला. स्मारकांचंही तसंच, कुशचे पिरॅमिड तर अक्सुमचे एकसंध दगडाचे स्तंभ, मजल्यांच्या इमारतीसारखे, खोटे दरवाजे आणि खिडक्या कोरलेले. २४ मीटरचा एक स्तंभ १९३७ मध्ये इटलीने उचलून रोमला नेला. तो २००५ मध्ये परत आला आणि २००८ मध्ये पुन्हा उभा राहिला.

आता शेवटाकडे. ‘अक्सुमने कुशचा नाश केला’ हे वाक्य सर्रास वाचायला मिळतं. त्याला आधार आहे एझानाचा इ.स. ३५० च्या आसपासचा शिलालेख. नोबा या नाईलकाठच्या लोकांनी शपथ मोडली म्हणून तेवीस दिवस त्यांचा पाठलाग केला, त्यांची गावं जाळली, मग कासूवर, म्हणजे कुशवर चाल केली, असं तो सांगतो. पण त्याच लेखात एक बारीक उल्लेख आहे: जाळलेल्या गावांत काही पक्क्या बांधणीची गावं अशी होती, जी नोबांनी आधीच कासूकडून बळकावली होती. म्हणजे एझाना पोचला तेव्हा कुशचं घर आतून ढासळलेलं होतं, त्याने फार तर शेवटचा धक्का दिला.

अक्सुमचा शेवट वेगळा. सहाव्या शतकात कालेब राजाने समुद्र ओलांडून येमेन जिंकलं, पण इ.स. ५७० च्या सुमारास येमेन इराणकडे गेलं. पुढे तांबड्या समुद्राचा व्यापार अरबांच्या हाती आला, अडुलिस ओस पडलं, सातव्या शतकात नाणी थांबली. जमिनीची धूप झाली असावी हेही एक कारण पुढे येतं. सत्ता दक्षिणेकडे सरकली, चर्च टिकलं, भाषा टिकली. अक्सुमची गीझ भाषा इथिओपियातल्या प्रार्थनेत आजही ऐकू येते आणि तिच्याच लिपीत अम्हारिक लिहिली जाते. मेरोईची लिपी २३ अक्षरांची. तिचे उच्चार विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उलगडले, भाषा मात्र फारशी कळत नाही. देवनागरीत लिहिलेला एखाद्या सर्वस्वी अनोळखी भाषेतला मजकूर आपण खडखडीत वाचू, पण कळणार काही नाही, तसं.

नावाचं स्थलांतरही एझानाच्याच दगडावर दिसतं. त्याच्या गीझ मजकुरात जिथे ‘हबशत’ आहे, तिथे ग्रीक मजकुरात ‘इथिओपियन’. कुशचं नाव अक्सुमच्या राजाने आपल्या लोकांना लावलं. मूळचा ‘हबशत’ शब्द अरबीतून फिरत मराठीत ‘हबशी’ होऊन आला. जंजिऱ्याच्या सिद्दींच्या मुलुखाला ‘हबसाण’ म्हणत, आणि खडकी, म्हणजे नंतरचं औरंगाबाद, वसवणारा मलिक अंबरही इथिओपियात जन्मलेला.

या अदलाबदलीत सुदानचं नुकसान झालं, असं मला मनापासून वाटतं. पियेची आणि अमानिरेनासची कहाणी ‘प्राचीन इथिओपिया’ म्हणून सांगितली जाते आणि ज्यांच्या मातीत ते पिरॅमिड आहेत त्यांचं नाव मागे पडतं. २०२३ मध्ये सुरू झालेल्या युद्धात खार्टूमचं राष्ट्रीय संग्रहालय लुटलं गेलं, तेव्हा काय गमावलं हे जगातल्या किती जणांना उमगलं असेल?

जुन्या मजकुरात ‘इथिओपिया’ दिसलं तर आधी काळ बघावा. एझानाच्या आधीचा ग्रीक किंवा रोमन मजकूर असेल तर बहुतेक वेळा तो कुश. बायबलच्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात रथात बसून यशया वाचणारा एक इथिओपियन खजिनदार भेटतो. तो कंडाके राणीचा चाकर आहे, आणि कंडाके हे पद मेरोईचं. गाझाच्या वाटेवरून तो परत चालला होता तो मेरोईला.