मोटरचं व्होल्टेज बदलणं

एका व्होल्टेजसाठी बनलेली मोटर दुसऱ्या व्होल्टेजवर चालावी म्हणून तिची जोडणी किंवा आतलं वायंडिंग (तांब्याच्या तारेच्या गुंडाळ्या) बदलणं. लोकांना वाटतं यासाठी मोटर खोलून सगळं तांबं उपसावं लागतं, पण बऱ्याचदा टर्मिनल बॉक्सचं झाकण काढून टोकं जोडणाऱ्या धातूच्या पट्ट्या हलवल्या की काम होतं, तेव्हा आधी नेमप्लेट वाचा, पाना नंतर.

थ्री फेज मोटरमध्ये तीन वायंडिंग असतात, प्रत्येकाची दोन टोकं, म्हणजे एकूण सहा. एका बाजूची तीन टोकं एकत्र बांधून उरलेल्या तिघांना फेज दिले की स्टार, आणि एकाचं शेवटचं टोक दुसऱ्याच्या सुरुवातीला असं गोल जोडत गेलं की डेल्टा. नेहमीच्या बॉक्समध्ये पट्ट्या आडव्या लावल्या की स्टार, उभ्या लावल्या की डेल्टा. डेल्टात प्रत्येक वायंडिंगवर लाइनचं पूर्ण व्होल्टेज येतं, स्टारमध्ये ते १.७३२ ने भागून येतं, आणि ४१५ ला १.७३२ ने भागलं की होतात २४०, सगळी गंमत याच आकड्यात आहे. आपल्याकडे २ एचपीपर्यंतच्या मोटरी साधारणपणे ४१५ ला स्टारमध्ये असतात, ३ एचपीपासून वर डेल्टात. म्हणून घरच्या सिंगल फेजवर व्हीएफडी (मोटरचा वेग कमीजास्त करणारा इलेक्ट्रॉनिक ड्राइव्ह) लावून छोटं लेथ चालवणारे २ एचपीची स्टार मोटर डेल्टा करून घेतात, कारण तो ड्राइव्ह २३० घेतो आणि थ्री फेज देतो तेही २३० च्या आसपासच. ३ एचपीची आणलीत तर ती आधीच डेल्टात आहे, पट्ट्या हलवून काही मिळत नाही.

चुकीची जोडणी महागात पडते. स्टारची मोटर डेल्टा करून थेट ४१५ ला लावली तर प्रत्येक वायंडिंगवर पावणेदोन पट व्होल्टेज, स्टॅम्पिंग (आतल्या लोखंडी पत्र्यांचा गाभा) चुंबकानं भरून जातं, करंट भलताच चढतो आणि थोड्याच वेळात तारेवरच्या व्हार्निशचा जळका वास. डेल्टाची स्टार केली तर जोर एक तृतीयांश होतो, रिकामी छान फिरते पण लोड आला की दमते आणि तापते.

अमेरिकन मोटरीत वेगळी पद्धत, तिथे वायंडिंगचे दोन अर्धे भाग केलेले असतात. ११५ ला पॅरलल, २३० ला सिरीज. थ्री फेजमध्ये नऊ वायरी आणि २३०/४६०. पण तिकडे ६० हर्ट्झ, आपल्याकडे ५०, त्यामुळे व्होल्टेज जुळवलं तरी मिनिटाला १८०० फेऱ्यांची मोटर १५०० नेच फिरणार, आणि ४६० ची मोटर ५० हर्ट्झवर साधारण ३८३ लाच बरी.

पट्ट्यांनी भागत नसेल तर मात्र मोटर नव्यानं भरायची, म्हणजे वायंडिंग नवं करायचं. नियम सरळ आहे, टर्न (तारेचे वेढे) व्होल्टेजच्या प्रमाणात. ४१५ ला कॉइलमध्ये ६० टर्न असतील तर २४० ला ३५. टर्न कमी झाले की करंट वाढतो, म्हणून वायर जाड, व्यास सुमारे १.३ पट, आणि स्लॉटमध्ये (लोखंडातल्या खाचेत) तांबं जवळपास तेवढंच बसतं. वेग बदलत नाही, तो पोल (वायंडिंगनं होणारे चुंबकी ध्रुव) आणि हर्ट्झवर असतो. जुने टर्न न मोजता कॉइल कापून टाकणारा कारागीर असेल तर मोटर त्याच्याकडे न टाकलेली बरी.

गावाकडे याचाच एक भाऊ आहे, लो व्होल्टेज वायंडिंग. डीपीपासून (गावच्या ट्रान्सफॉर्मरपासून) लांबच्या विहिरीवर ४१५ च्या जागी ३०० च येतात, पंप उठत नाही, मग शेतकरी कमी टर्नची मोटर भरून घेतो. दिवसा मस्त चालते. रात्री आजूबाजूचे पंप बंद झाले की व्होल्टेज पूर्ण येतं आणि ऑटो स्टार्टरवर (वीज आली की आपोआप चालू करणाऱ्या) सोडलेली तीच मोटर सकाळी जळालेली सापडते.