जिल्हा परिषदेच्या शाळेला नवी वर्गखोली हवी आहे? प्रस्ताव, कागदपत्रे आणि निधीचा प्रवास

महाराष्ट्रात जिल्हा परिषद शाळेच्या खोल्यांसाठी मुख्यतः तीन ठिकाणांहून पैसा येतो. पहिलं म्हणजे जिल्हा वार्षिक योजना. पालकमंत्री अध्यक्ष आणि जिल्हाधिकारी सदस्य-सचिव असलेली जिल्हा नियोजन समिती तिला मान्यता देते. दुसरं, समग्र शिक्षा, म्हणजे शालेय शिक्षणासाठीची केंद्र-राज्याची एकत्रित योजना. त्यात केंद्राचा वाटा 60 टक्के आणि राज्याचा 40 टक्के. तिसरं, आमदार-खासदारांचा स्थानिक विकास निधी. पंधराव्या वित्त आयोगाच्या (2021-26) पैशातून खोली बांधू, असं ग्रामपंचायतीत बरेचदा बोललं जातं. पण त्यातला 60 टक्के निधी बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेसाठीच. उरलेल्यातून गावाची बाकीची कामं ओढायची असतात, त्यामुळे त्याच्यावर फार विसंबू नये.

पात्रता ठरते ती यू-डायसच्या, म्हणजे प्रत्येक शाळेची माहिती भरल्या जाणाऱ्या सरकारी नोंदीच्या आकड्यांवरून. पटसंख्या, वापरात असलेल्या खोल्या, धोकादायक खोल्या, सगळं तिथूनच उचललं जातं. मुख्याध्यापकांनी मोडकळीला आलेली खोली 'चांगली' म्हणून भरली असेल, तर गावाने कितीही निवेदनं दिली तरी कागदावर शाळेला खोल्या पुरेशाच दिसतात. म्हणून आधी ती माहिती उघडून बघा आणि चुकली असेल तर दुरुस्त करून घ्या.

प्रस्तावाला लागणारे कागद: शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव (मागणी शाळा विकास आराखड्यात असेल तर उत्तम), ग्रामसभेचा ठराव, यू-डायसची प्रत, जागेचा सातबारा किंवा गावठाणातली जागा असेल तर नमुना 8 चा उतारा, आणि जिल्हा परिषद बांधकाम उपविभागाच्या अभियंत्याने केलेलं अंदाजपत्रक. हा गठ्ठा केंद्रप्रमुखांकडून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे आणि तिथून जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शिक्षण विभागाकडे जातो. पोच घ्यायला विसरू नका.

सगळ्यात जास्त फायली अडतात त्या दोन जागी. एक, जमीन. कुणा दात्याने तोंडी दिलेली जागा चालत नाही, नोंदणीकृत बक्षीसपत्र लागतं. जागा गायरान असेल तर ग्रामपंचायतीचा ठराव पुरत नाही, प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांकडे न्यावं लागतं. दुसरी अडचण म्हणजे निर्लेखन, म्हणजे जुनी खोली सरकारी नोंदीतून रीतसर कमी करणं. जुनी खोली पाडून त्याच ठिकाणी नवी बांधायची असेल तर आधी अभियंत्याची तपासणी, ती वापरायोग्य नसल्याचा अहवाल आणि जिल्हा परिषदेचा निर्लेखन आदेश हवा. तो येईपर्यंत पत्रे उडालेली खोलीसुद्धा दप्तरी 'अस्तित्वात' असते. निर्लेखनाचा प्रस्ताव नव्या खोलीच्या मागणीआधी, निदान तिच्यासोबत तरी पाठवावा; नाहीतर मंजूर झालेली खोलीही जागेअभावी अडकून पडते.

आता वेळेचं. पुढच्या वर्षाचा जिल्ह्याचा आराखडा साधारण हिवाळ्यात ठरतो आणि मार्चच्या अर्थसंकल्पात त्याची तरतूद होते. त्यामुळे मागणी दिवाळीच्या आसपास वर पोचलेली बरी. जूनमध्ये शाळा उघडल्यावर पाणी गळायला लागलं की गाव जागं होतं, पण तोवर त्या वर्षाची यादी बहुतेक भरलेली असते.

यादीत नाव आलं म्हणजे पैसे आले असं समजू नये. आधी प्रशासकीय मान्यता (कामाला आणि खर्चाला मंजुरी), मग तांत्रिक मान्यता (अंदाजपत्रकाला अभियंत्यांची मंजुरी), मग निविदा. मोठ्या कामांच्या निविदा महाटेंडर्स या राज्य सरकारच्या ई-निविदा संकेतस्थळावर दिसतात. छोटी कामं काम वाटप समितीमार्फत सुशिक्षित बेरोजगार अभियंते आणि मजूर सहकारी संस्थांनाही दिली जातात. कार्यारंभ आदेशानंतर पाया खणायचा. बिलं निघतात ती मोजमाप पुस्तिकेतल्या, म्हणजे झालेल्या कामाची मापं लिहिलेल्या वहीतल्या नोंदीवर. भूमिपूजनाचा नारळ मात्र यातल्या कुठल्याही टप्प्यावर फुटू शकतो, तेव्हा त्यावरून काही ताडू नका. पुढाऱ्याला किंवा अधिकाऱ्याला विचारायचं ते एवढंच: प्रशासकीय मान्यतेचा आदेश क्रमांक आणि तारीख काय?

उत्तर मिळत नसेल तर 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकारात अर्ज करा; दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही. माहिती 30 दिवसांत मिळायला हवी. 'कामाची सद्यस्थिती कळवावी' असं मोघम लिहू नका. प्रशासकीय आणि तांत्रिक मान्यतेचे आदेश, मंजूर अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश आणि मोजमाप पुस्तिकेची पानं, यांच्या प्रती नाव घेऊन मागा.