हंगेरीत कॉयर कंडक्टिंग शिकायचंय? अर्ज कुठे अडतो ते आधी वाचा

आपल्याकडे ‘कंडक्टर’ म्हटलं की आधी एसटी आठवते. त्यामुळे शाळेत समूहगान बसवणाऱ्या बाई, चर्चमध्ये रविवारी कॉयरसमोर उभा राहणारा मास्टर किंवा युवा महोत्सवासाठी सहा जणांचा आवाज एकत्र आणणारा कॉलेजचा दादा, यांच्यापैकी कुणी ‘मला हेच पुढे शिकायचंय’ म्हटलं की घरचे बुचकळ्यात पडतात. हे शिकायची जागा आहे का, इथपासून प्रश्न सुरू होतात.

जागा आहे. बुडापेस्टच्या लिस्ट अकादमी या संगीत विद्यापीठात कॉयर कंडक्टिंग, म्हणजे समूहगायनाचं संचालन, शिकवतात. केचकेमेत गावातली कोडाय संस्था याच अकादमीचा भाग आहे. जिच्या नावात ते आहेत ते हंगेरियन संगीतकार आणि संगीतशिक्षक झोल्तान कोडाय यांचा जन्म 1882 साली या गावात झाला. 1975 मध्ये सुरू झालेली ही संस्था एका जुन्या मठाच्या इमारतीत आहे. कोडाय यांचं म्हणणं असं की संगीताचं शिक्षण गळ्यापासून सुरू व्हावं, वाद्य नंतर. त्यांच्या पद्धतीत ‘दो’, म्हणजे पाश्चात्त्य सरगमचा पहिला स्वर, सरकता असतो, म्हणजे आपल्या ‘सा’सारखा कुठल्याही पट्टीत धरता येतो. त्यामुळे हिंदुस्थानी संगीत शिकलेल्यांना हा भाग चटकन जमतो. अडचण येते ती पाच रेघांवरचं पाश्चात्त्य स्वरलेखन वाचताना. पियानोचाही एक त्रास आहे. हार्मोनियमवर आपला एक हात कायम भात्यावर असतो. इथे दोन्ही हातांनी चार आवाजांचं लेखन एकदम वाजवून दाखवावं लागतं. अर्जाच्या वर्षभर आधीपासून हा सराव करा, आयत्या वेळी होत नाही.

खर्चासाठी हंगेरी सरकारची ‘स्टिपेंडियम हंगेरिकम’ ही शिष्यवृत्ती आहे. 2013 पासून ती चालू आहे आणि टेम्पस पब्लिक फाउंडेशन ही संस्था ती चालवते. भारताच्या वाट्याला वर्षाला 200 जागा येतात, पण त्या सगळ्या विषयांच्या मिळून. इंजिनिअरिंगवाले आणि कॉयरवाले एकाच रांगेत असतात. पात्रता थोडक्यात अशी: भारतीय नागरिकत्व, अभ्यासक्रम सुरू होण्याआधीच्या 31 ऑगस्टला 18 वर्षं पूर्ण, आणि एमएसाठी आधीची पदवी. गोव्यातल्या मंडळींसाठी एक सूचना. ज्यांनी पोर्तुगीज नागरिकत्व घेतलंय, त्यांना भारताच्या जागांवर अर्ज करता येत नाही. घरात तसे कागद चालू असतील तर आधी ते नीट तपासा.

आता अर्ज का बाद होतात ते बघू. सगळ्यांत मोठं कारण संगीताशी संबंधित नाहीच.

अर्ज दोन ठिकाणी करायचा असतो. एक टेम्पसच्या ऑनलाइन पोर्टलवर, हंगेरीकडे. दुसरा आपल्या शिक्षण मंत्रालयाकडे, कारण भारताच्या जागांसाठी नावं मंत्रालय सुचवतं. यालाच नामनिर्देशन म्हणतात. पहिला अर्ज भरला, ‘सबमिट’ झाला, पोचपावतीचा मेल आला की बहुतेकांना वाटतं काम झालं. झालेलं नसतं. मंत्रालयाच्या यादीत नाव नसेल तर हंगेरीकडचा अर्ज कितीही देखणा असो, पुढे सरकत नाही. हे टेम्पसच्या सूचनेत लिहिलेलं असतं, मंत्रालयाच्या परिपत्रकातही असतं, पण दोन वेगवेगळ्या साइटवर आणि दोन वेगवेगळ्या भाषाशैलींत. ‘दोन्हीकडे भरा, एकीकडे भरून चालणार नाही’ एवढं एक वाक्य ठळक अक्षरात छापायला कुणाचं काय जातं, कळत नाही.

दुसरी चूक तारखेची. हंगेरीची मुदत साधारण जानेवारीच्या मध्यावर संपते आणि वेळ दिलेली असते दुपारी 2, मध्य युरोपीय वेळेनुसार. हिवाळ्यात ती वेळ आपल्याकडे संध्याकाळी साडेसहाला येते. आपले लोक ‘15 तारीख’ एवढंच वाचतात, रात्री जेवणं उरकून अकरा वाजता लॅपटॉप उघडतात आणि समोर बंद पोर्टल. रात्री बारापर्यंत मुदत असते ही आपल्या सरकारी फॉर्मची सवय. मंत्रालयाची शेवटची तारीख वेगळी असू शकते, तेव्हा दोन्ही तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. जी आधी येते तीच खरी समजा.

तिसरा अडसर सगळ्यांत दुखरा: पदवी. कॉयर चालवणाऱ्यांपैकी अनेकांकडे वीस वर्षांचा अनुभव असतो, संगीत विशारद असतं, किंवा लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संगीत परीक्षेची आठवी ग्रेड असते. हे सगळं कष्टाचं आहे, पण यातली एकही विद्यापीठाची पदवी नाही. गांधर्व महाविद्यालय मंडळ ही परीक्षा घेणारी संस्था आहे, विद्यापीठ नव्हे. आपल्याकडे काही ठिकाणी विशारदला समकक्षता मिळते, म्हणून लोक समजतात की परदेशातही चालेल. एमएच्या फॉर्ममध्ये ‘बॅचलर डिग्री’च्या रकान्यात विशारद अपलोड केलं तर बहुधा तिथेच थांबतं. बीकॉम किंवा बीए असेल तर ते लावा, विशारद पुरवणी म्हणून जोडा आणि आपल्या पदवीवर हा अभ्यासक्रम चालतो का ते विद्यापीठाला मेल करून लेखी विचारा. ‘माझी पदवी अमुक, संगीताचं शिक्षण तमुक, मी पात्र आहे का?’ एवढाच साधा मेल. हे ऑक्टोबरात विचारायचं. जानेवारीत विचारलं तर उत्तर फेब्रुवारीत येतं.

पदवीच नसेल तर या शिष्यवृत्तीतून एमए होणार नाही, हे कडू आहे पण आधीच कळलेलं बरं. केचकेमेतला आंतरराष्ट्रीय सेमिनार साधारण दर दोन वर्षांनी उन्हाळ्यात भरतो. जगभरातले संगीतशिक्षक तिथे एकत्र गातात. तो स्वतःच्या खर्चाने करावा लागतो.

चौथं, नाव. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं. आईचं नाव वेगळ्या ओळीत. पासपोर्टवर आडनाव एका रकान्यात, बाकी दुसऱ्यात. गंमत म्हणजे हंगेरियन लोकही आडनाव आधी लिहितात. कोडाय झोल्तान असंच म्हणतात. पण त्यांच्या फॉर्मला तुमच्या गुणपत्रिकेचं कौतुक नसतं, पासपोर्टवर जे आहे तेच हवं असतं. लग्नानंतर पासपोर्टवर नाव बदललेल्या बाईंना तर पदवी एका नावाची आणि पासपोर्ट दुसऱ्याच बाईचा, असा प्रकार होतो. विवाह नोंदणी दाखला आणि असेल तर राजपत्रातली नोंद, इंग्रजी भाषांतरासह जोडा. गोव्यात स्पेलिंगचा घोळ जास्त. एकाच माणसाचं डिसोझा बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर एका तऱ्हेने, शाळेत दुसऱ्या, पासपोर्टवर तिसऱ्या. फॉर्म भरताना कधीच ‘सुधारून’ लिहू नका.

बाकीचे कागद सोपे आहेत. प्रेरणापत्र, भाषेचा पुरावा, गुणपत्रिका, पासपोर्टची प्रत, सही केलेलं निवेदन, वैद्यकीय दाखला. दाखल्यात एचआयव्ही आणि हिपॅटायटिस ए, बी, सी यांचा उल्लेख लागतो. गल्लीतल्या डॉक्टरांनी ‘फिट’ असं लेटरहेडवर लिहून दिलं तर ते पुरत नाही. इंग्रजी माध्यमात शिकल्याचं कॉलेजचं पत्र काही ठिकाणी चालतं, काही ठिकाणी परीक्षाच हवी. हेही त्याच ऑक्टोबरच्या मेलमध्ये विचारून टाका. पदवीचं शेवटचं वर्ष चालू असेल तर प्रमाणपत्र नंतर देण्याची सोय असते. ती तारीख त्या वर्षीच्या सूचनेत दिलेली असते.

आता व्हिडिओ. अर्जासोबत किंवा प्रवेश परीक्षेच्या वेळी कंडक्टिंगचं रेकॉर्डिंग मागितलं जाऊ शकतं. मी पाहिलेलं एक उदाहरण सांगते. नाताळच्या कार्यक्रमाचं शूटिंग, प्रेक्षकांतून, कुणाच्या तरी मोबाइलवर. गाणं सुरेख, पोरं मन लावून गातायत, आणि ज्याला शिष्यवृत्ती हवी त्याची पूर्ण वेळ पाठ. मध्ये एका काकांचं डोकं. परीक्षकाला बघायचे असतात कंडक्टरचे हात आणि चेहरा. श्वास घ्यायची खूण कुठे दिली, डाव्या हाताने काय केलं, चुकलेल्या आवाजाकडे कसं बघितलं. त्यासाठी कॅमेरा कॉयरच्या बाजूने, गाणाऱ्यांच्या मागे उभा करायचा. जमल्यास तालमीचाही एक तुकडा ठेवा. किती मिनिटं आणि कोणत्या रचना, हे विद्यापीठाच्या पानावर बघा आणि तसंच द्या. जास्तीचं पाठवल्याने गुण वाढत नाहीत.

पैशांचं स्पष्ट बोलू. शिकवणी शुल्क माफ, वसतिगृहात जागा किंवा महिना 40,000 फोरिंट (हंगेरीचं चलन) भाड्याला मदत, आणि एमएला महिना 43,700 फोरिंट विद्यावेतन. ते दहा-बारा हजार रुपयांच्या आसपास जातं. तेवढ्यात महिना निघत नाही, योजनेतही ते ‘हातभार’ म्हणूनच धरलंय. विमानाचं तिकीट तुमचंच. नोकरीतल्या शिक्षकांनी दोन वर्षांच्या अभ्यास रजेचं संस्थेशी आधी बोलून घ्यावं, कारण रजेचा अर्ज शाळेत जेवढा वेळ पडून राहतो, तेवढ्यात हंगेरीची सगळी प्रक्रिया आटपते.

नामनिर्देशन झालं की पुढे विद्यापीठाची प्रवेश परीक्षा, मग निकाल, मग व्हिसा. हंगेरीचं वाणिज्य दूतावास मुंबईत आहे. मूळ पदवीवर अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचं परदेशासाठीचं प्रमाणन, लागेल असं कळवलं तर आधी राज्य पातळीवर साक्षांकन आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का. यात आठवडे जातात, म्हणून मूळ प्रमाणपत्र विद्यापीठातून अजून उचललंच नसेल तर ते आजच उचला. दीक्षान्त समारंभाला न गेलेल्यांची प्रमाणपत्रं वर्षानुवर्षं तिथल्याच कपाटात पडून असतात.