जमार चेस

जमार चेस (जन्म १ मार्च २०००) हा अमेरिकन फुटबॉलमधील सिनसिनाटी बेंगल्स संघाचा वाइड रिसीव्हर. व्यावसायिक कारकिर्दीच्या पहिल्या चार हंगामांतच त्याने राष्ट्रीय फुटबॉल लीग म्हणजे एनएफएलमधले या जागेचे जवळपास सगळे मोठे मान मिळवले. मात्र वाइड रिसीव्हर एकटा काहीच करू शकत नाही. तो मैदानाच्या कडेला उभा राहतो, ठरलेल्या वाटेने धावतो आणि क्वार्टरबॅकने फेकलेला चेंडू झेलतो. चेंडू अनेकदा त्याने वळून पाहण्याआधीच हवेत सुटलेला असतो. त्यामुळे चेसची कारकीर्द क्वार्टरबॅक जो बरो याच्यापासून वेगळी काढून सांगता येत नाही.

चेस लुइझियाना राज्यातल्या हार्वी गावचा. हे गाव मिसिसिपी नदीच्या पश्चिम काठावर, न्यू ऑर्लिन्सच्या समोर आहे. मेटेरीच्या आर्चबिशप रमेल शाळेतून तो लुइझियाना स्टेट विद्यापीठात (एलएसयू) गेला. २०१९ च्या हंगामात तिथे बरो, चेस आणि दुसरा रिसीव्हर जस्टिन जेफरसन एकाच संघात होते. त्या वर्षी चेसने ८४ झेलांत १,७८० यार्ड (म्हणजे झेल घेऊन पुढे नेलेले अंतर) आणि २० टचडाउन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या टोकाच्या पट्ट्यात नेऊन मिळवलेले गुण) केले आणि देशातल्या सर्वोत्तम महाविद्यालयीन रिसीव्हरला मिळणारा बिलेट्निकॉफ पुरस्कार जिंकला. १३ जानेवारी २०२० रोजी राष्ट्रीय अजिंक्यपदाचा सामना न्यू ऑर्लिन्सच्या सुपरडोममध्ये, म्हणजे त्याच्या घराजवळच झाला. एलएसयूने क्लेमसनला ४२–२५ असे हरवले. त्यात एकट्या चेसचे २२१ यार्ड आणि दोन टचडाउन होते.

कोरोनाच्या साथीमुळे २०२० चा हंगाम त्याने खेळला नाही. त्याच वर्षी बरो बेंगल्सकडून एनएफएलमध्ये उतरला आणि नोव्हेंबरमध्ये त्याच्या गुडघ्याला गंभीर दुखापत झाली. २०२१ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवे खेळाडू संघांनी क्रमाने निवडून घेण्याच्या वार्षिक प्रक्रियेत, बेंगल्सची पाळी पाचवी होती. बरोला सांभाळण्यासाठी त्याच्यापुढे भिंतीसारखा उभा राहील असा पेनेई सूएल घ्यावा, असे अनेक जाणकार सांगत होते. बेंगल्सने चेसला निवडले.

त्या ऑगस्टमधल्या सराव सामन्यांत चेसच्या हातून चेंडू सुटू लागले आणि टीकेला ऊत आला. त्याने दिलेले कारण तेव्हा अनेकांना सबबच वाटले, पण ते समजून घेण्यासारखे आहे. महाविद्यालयीन चेंडूच्या दोन्ही टोकांजवळ पांढरे पट्टे असतात. एनएफएलच्या चेंडूवर ते नसतात आणि तो चेंडू किंचित मोठाही असतो. गरगरत येणाऱ्या चेंडूचे टोक पूर्वी पट्ट्यांवरून दिसायचे. आता त्यावरची शिलाई शोधावी लागत होती. वर्षभर सामनाच न खेळलेल्या खेळाडूच्या नजरेला हा बदल लगेच अंगवळणी पडणे अवघडच होते. १२ सप्टेंबरला पहिला खरा सामना झाला, योगायोगाने जेफरसनच्या मिनेसोटा व्हायकिंग्जविरुद्धच. चेसने १०१ यार्ड काढले, त्यातला एक टचडाउन ५० यार्डांचा होता. सुटलेल्या झेलांची चर्चा तिथेच थांबली.

त्या हंगामात त्याने ८१ झेल, १,४५५ यार्ड आणि १३ टचडाउन केले आणि आक्रमणातील सर्वोत्तम नवोदिताचा पुरस्कार मिळवला. हंगामातला त्याचा सर्वोच्च सामना २ जानेवारी २०२२ चा, कॅन्सस सिटी चीफ्सविरुद्धचा. त्यात त्याने २६६ यार्ड काढले. कोणत्याही नवोदिताने एका सामन्यात इतके काढले नव्हते. आकड्यापेक्षा त्यातला एक झेल मोलाचा. फुटबॉलमध्ये दहा यार्ड पुढे सरकण्यासाठी चार प्रयत्न मिळतात. गुणसंख्या ३१–३१ अशी बरोबरीत असताना बेंगल्स उलट मागे ढकलले गेले होते आणि तिसऱ्या प्रयत्नात त्यांना तब्बल २७ यार्ड हवे होते. अशा वेळी बहुतेक संघ थोडेफार पुढे जाऊन समाधान मानतात. बरोने चेंडू उंच फेकला आणि चेसने तो ३० यार्डांवर झेलला. बेंगल्स ३४–३१ ने जिंकले आणि विभागाचे विजेतेपदही त्यांना मिळाले.

पुढे बाद फेरीतला ३१ वर्षांतला पहिला विजय मिळवत संघ थेट सुपर बोलला, म्हणजे एनएफएलच्या अंतिम सामन्याला पोहोचला. १३ फेब्रुवारी २०२२ च्या त्या लढतीत चेसने रॅम्सचा बचावपटू जेलन रॅमझी याच्या डोक्यावरून एका हाताने ४६ यार्डांचा झेल घेतला, तरी लॉस एंजेलिस रॅम्सने २३–२० अशी बाजी मारली. शेवटच्या प्रयत्नात एक यार्ड हवा होता. चेस रॅमझीला मागे टाकून पुढे मोकळा धावत होता, पण रॅम्सच्या बचावातील ॲरन डॉनल्डने बरोला पकडले आणि चेंडू चेसकडे जाऊच शकला नाही. सूएलची बाजू मांडणाऱ्यांचा मुद्दा अगदीच चुकीचा नव्हता, हे त्या क्षणी दिसले. तरीही चेस नसता तर बेंगल्स त्या मैदानापर्यंत पोहोचले असते असे वाटत नाही.

२०२२ मध्ये कंबरेच्या सांध्याच्या दुखापतीने तो काही सामन्यांना मुकला, तरी १,०४६ यार्ड झाले. २०२३ मध्ये झेलांची शंभरी गाठली. २०२४ च्या उन्हाळ्यात नव्या करारावरून संघाशी त्याची ओढाताण चालली आणि करार न होताच तो मैदानात उतरला. त्या हंगामात १२७ झेल, १,७०८ यार्ड आणि १७ टचडाउन करून तिन्ही बाबतींत तो लीगमध्ये पहिला आला. सुपर बोलच्या काळात हा तिहेरी मुकुट त्याच्याआधी जेरी राइस, स्टर्लिंग शार्प, स्टीव्ह स्मिथ आणि कूपर कप या चौघांनाच मिळाला होता. बेंगल्स मात्र दुबळ्या बचावामुळे बाद फेरीबाहेरच राहिले. मार्च २०२५ मध्ये त्याला चार वर्षांसाठी १६.१ कोटी डॉलरचा करार मिळाला. क्वार्टरबॅक सोडून इतर कोणत्याही खेळाडूला तोवर इतके वार्षिक मानधन मिळाले नव्हते.

सप्टेंबर २०२५ मध्ये बरोच्या पायाच्या अंगठ्याला दुखापत झाली. त्याच्या जागी आलेल्या चाळिशीच्या जो फ्लॅकोबरोबर १६ ऑक्टोबरला पिट्सबर्ग स्टीलर्सविरुद्ध चेसने १६ झेल घेतले. हा बेंगल्सचा विक्रम ठरला. महिन्याभराने त्याच संघाविरुद्ध, तेव्हा स्टीलर्सकडून खेळणाऱ्या रॅमझीवर थुंकल्याबद्दल लीगने त्याच्यावर एका सामन्याची बंदी घातली. २७ नोव्हेंबरला बाल्टिमोरमध्ये बंदी संपवून चेस आणि दुखापतीतून सावरलेला बरो एकाच सामन्यात परतले, आणि बेंगल्सने रेव्हन्सला ३२–१४ असे हरवले.