हिरवा म्हणजे भरले: एक्सेलमधले रंग पायथनने वाचताना

कोथरूडमधल्या एखाद्या सोसायटीचा मेंटेनन्सचा हिशेब उघडा. पैसे भरलेल्या फ्लॅटचा सेल हिरवा, अर्धवट भरलेल्याचा पिवळा, थकबाकीदाराचा लाल. 'भरले' हा शब्द कुठेच नाही. अशी शीट पायथनच्या पांडाज लायब्ररीने वाचली की आकडे तेवढे हाती येतात, रंग गळून जातात. रंग हवे असतील तर ओपनपायएक्सएल ही दुसरी लायब्ररी लागते.

एक्सएलएसएक्स फाइल ही मुळात झिप असते. तिच्या आत सेलपाशी रंग नसतोच, असतो फक्त स्टाइलचा क्रमांक. खरा रंग स्टाइल्सच्या वेगळ्या एक्सएमएल फाइलमध्ये. ही शोधाशोध लायब्ररी करते. आपण सेलच्या फिलमधला (भरलेल्या रंगातला) एफजीकलर आणि त्याचा आरजीबी मागायचा. बीजीकलर नव्हे! सलग भरलेल्या सेलमध्ये डोळ्यांना दिसतो तो एफजीकलरच.

पिवळ्यासाठी उत्तर येतं 'एफएफएफएफएफएफ००'. पहिली दोन अक्षरं पारदर्शकतेची, पुढे लाल, हिरवा, निळा. काही प्रोग्रॅम पहिल्या जोडीत '००' लिहितात, म्हणून शेवटची सहाच अक्षरं ताडून पाहावीत. पण रंग न दिलेल्या सेलचं उत्तर आठ शून्यं असतं, म्हणजे शेवटच्या सहांवरून तो काळा ठरतो. म्हणून आधी फिलचा पॅटर्नटाइप तपासा. तो नन (पायथनचं None, म्हणजे काहीच नाही) असेल तर सेलला रंग दिलेला नाही.

खरी गोची थीमच्या रंगांची. रंगांच्या चौकटीतल्या खालच्या 'स्टँडर्ड' ओळीतला हिरवा घेतला तर आरजीबी नीट मिळतो. वरच्या 'थीम' भागातला घेतला तर फाइलमध्ये जातो थीमचा क्रमांक आणि टिंट (छटा किती फिकट किंवा गडद तो आकडा), आणि आरजीबी विचारल्यावर रंगाऐवजी एररचा संदेश हाती येतो. म्हणून कलरचा टाइप आधी पाहावा: आरजीबी की थीम. '८० टक्के फिकट' छटेचा टिंट ०.८ नसून ०.७९९९८... असा असतो, बरोबरीची तुलना फसते, दोन दशांशांपर्यंत राउंड करा. नुसते गट पाडायचे असतील तर थीम क्रमांक आणि टिंट ही जोडीच रंगाचं नाव म्हणून वापरा, खरी छटा काढत बसू नका.

कंडिशनल फॉरमॅटिंगने (अट लावून आपोआप) आलेला लाल सेलच्या फिलमध्ये सापडणारच नाही; एक्सेल तो उघडताना रंगवतं. तिथे 'बाकी शून्यापेक्षा जास्त' ही अटच स्क्रिप्टमध्ये लिहावी. जुनी एक्सएलएस फाइल ओपनपायएक्सएल उघडत नाही. आधी एक्सएलएसएक्समध्ये सेव्ह करा.

अर्थ लावण्याआधी पायथनच्या काउंटरने कॉलममधले सगळे रंग मोजून घ्या. तिनाऐवजी पाच निघाले तर यादी खजिनदारांपुढे ठेवा. खजिनदार बदलला की हिरव्याची छटाही बदलते.