अमूर्त धातुशिल्प

देव, माणूस, जनावर अशा कोणत्याही ओळखीच्या रूपाची प्रतिकृती न करता, धातूचे आकार, वजन, पोत आणि त्यांच्यामधली मोकळी जागा यांच्या जुळणीतून घडवलेल्या शिल्पाला अमूर्त धातुशिल्प म्हणतात. ओतीव मूर्तीत मातीचे किंवा मेणाचे रूप आधी तयार होते आणि धातू मागाहून येतो. बहुतेक अमूर्त धातुशिल्पांत मात्र पत्रा, सळई किंवा भंगारातला तुकडा थेट कापून, वाकवून वेल्डिंगने जोडतात, त्यामुळे रचना हात चालता चालताच ठरत जाते.

या पद्धतीचा पाया धातुकामाच्या घराण्यात वाढलेले स्पॅनिश शिल्पकार हुलिओ गोन्झालेझ (१८७६–१९४२) यांनी घातला. रेनॉच्या मोटार कारखान्यात ते वेल्डिंग शिकले होते आणि १९२८ पासून पिकासोंच्या लोखंडी शिल्पांना त्यांचा हात लागला. भारतात शिल्पकार पिलू पोचखानवाला (१९२३–१९८६) यांनी भंगाराचा असाच उपयोग केला.

विदर्भातल्या वाचकाला सर्वांत जवळचे वाटावे ते अमेरिकन शिल्पकार डेव्हिड स्मिथ (१९०६–१९६५) यांचे काम. तरुणपणी मोटार कारखान्यात राबलेल्या स्मिथ यांनी १९५१ मध्ये ‘ॲग्रिकोला’ ही मालिका सुरू केली. लॅटिनमध्ये या शब्दाचा अर्थ शेतकरी. आणि शिल्पांत वापरले होते टाकून दिलेल्या शेतीयंत्रांचे भाग. आपल्याकडे गोठ्यामागे पडलेली बंडीची धाव (चाकावरची लोखंडी पट्टी), झिजलेली वखराची पास (माती कापणारे पाते) किंवा मोडका डवरा (कोळपणीचे अवजार) पाहिलेल्याला ही शिल्पे समजावून सांगावी लागत नाहीत. काळ्या मातीत वर्षानुवर्षे घासून पाशीला आलेले वळण कोणी आखलेले नसते. अवजार कामातून गेले की उपयोग सुटतो आणि ते वळण तेवढे डोळ्यांत भरते. स्मिथ यांच्या शिल्पांची ओढ, प्रस्तुत लेखकाच्या मते, याच अनुभवात आहे. नागपूर जिल्ह्यातील नायकुंड येथे महापाषाणकालीन लोखंड गाळण्याची भट्टी उत्खननात सापडली आहे. म्हणजे लोखंडाशी असलेली इथली ओळख ऐरण आणि भात्यापुरती, कालपरवाची नाही.

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या बोल्टन लँडिंग येथील घराभोवतीच्या शेतात स्मिथ आपली शिल्पे उघड्यावर मांडत. तशी मांडणी विदर्भात करायची तर पावसाळ्याचा विचार आधी करावा लागतो. साध्या लोखंडाला रेडऑक्साइडचा हात दिला नाही, तर गंज सांध्यांत शिरतो आणि जोड आतून पोखरतो.