व्हिडिओ इनपेंटिंग

शूट झालेल्या फुटेजमधून नको असलेली वस्तू काढून टाकायची आणि तिथे उरलेली रिकामी जागा अशी भरायची की बघणाऱ्याला पत्ताच लागू नये, ह्याला व्हिडिओ इनपेंटिंग म्हणतात. जुन्या फिल्मवरचे ओरखडे, डाग, फाटलेल्या फ्रेम दुरुस्त करणं पण ह्यातच आलं. मुंबईत अंधेरी, गोरेगाव, मालाडकडच्या स्टुडिओंमध्ये हे काम रोज चालतं, आधी रोटोवाले वस्तूची कड फ्रेमगणिक कापून मास्क (काढायच्या भागाची खूण) करतात, मग पेंटवाले भरतात. टायटल्समध्ये ह्यांची नावं एकदम शेवटी, बारीक अक्षरात येतात, खरं तर ती वर यायला पाहिजेत.

समजा 1960 सालची गोष्ट दादर चौपाटीवर शूट केली, तर मागे 2009 मध्ये सुरू झालेला वांद्रे-वरळी सी लिंकचा पूल दिसणारच. सेकंदाला 24 फ्रेम, म्हणजे 10 सेकंदांच्या शॉटमध्ये 240. प्रत्येक फ्रेम वेगवेगळी भरली तर सुटी सुटी छान दिसते पण शॉट प्ले केला की तेवढीच जागा थरथरते आणि डोळा नेमका तिथेच जातो. खरी कसोटी ही आहे, फोटो आणि व्हिडिओतला फरकच हा. माणूस चालत पुढे गेला की त्याच्यामागची भिंत पुढच्या फ्रेममध्ये मोकळी होते, मग ती तिथून उचलून आणायची, आणि कुठला पिक्सेल कुठे सरकला हे ऑप्टिकल फ्लोने काढायचं. पण कॅमेरा ट्रायपॉडवर आणि पूल पण जागचा हलत नाही म्हटल्यावर मागचं कुठल्याच फ्रेममध्ये नसतं, ते नव्याने बनवावं लागतं, आणि आभाळ जमतं पण खांबांभोवतीच्या लाटा फार छळतात. माणसांची गर्दी असेल तर सेटवरच रिकाम्या फ्रेमची क्लीन प्लेट घेऊन ठेवावी, पाच मिनिटं जातात पण पुढचे कित्येक दिवस वाचतात. आणि सावली! माणूस गेला नि सावली राहिली की सगळी मेहनत पाण्यात.

2000 साली बेर्तालमियो, सापिरो वगैरे संशोधकांनी फोटोसाठी अशी भरायची पद्धत मांडली, 2004 मध्ये वेक्सलर, शेख्टमन आणि इराणी ह्यांनी व्हिडिओतलेच जागा-वेळ मिळून होणारे तुकडे (म्हणजे चित्राचा छोटा भाग, सलग काही फ्रेममधला) वापरून भोकं भरून दाखवली. 2019 मध्ये अडोबीच्या आफ्टर इफेक्ट्स ह्या सॉफ्टवेअरमध्ये व्हिडिओसाठी कंटेंट-अवेअर फिल, म्हणजे रिकामी जागा आपोआप भरायची सोय आली, 2023 च्या प्रोपेंटर ह्या एआय पद्धतीत ऑप्टिकल फ्लो आणि ट्रान्सफॉर्मर (एक प्रकारचं न्यूरल नेटवर्क) दोन्ही एकत्र आहेत.

रिस्टोरेशनमध्ये, म्हणजे जुन्या फिल्मच्या दुरुस्तीत, धुळीचा ठिपका सोपा, तो एकाच फ्रेमवर असतो, शेजारच्या फ्रेममधून घेतलं की झालं. उभा ओरखडा मात्र फ्रेममागून फ्रेम त्याच जागी असतो, मग शेजारी बघून काय मिळणार? आणि भरायला आजूबाजूला काहीतरी शिल्लक लागतं, 1931 मध्ये गिरगावच्या मॅजेस्टिकला लागलेल्या 'आलम आरा'ची एकही प्रिंट आज सापडत नाही, तिथे कुठलंही सॉफ्टवेअर चालणार नाही. भरलेला भाग शेवटी अंदाजच असतो, म्हणून मूळ स्कॅन हात न लावता वेगळं जपलंच पाहिजे, म्हणजे उद्या चांगली पद्धत आली की पुन्हा तिथून सुरुवात करता येते.